जुन्या घराची हवागळती चाचणी: खिडक्या बदलण्यापूर्वी

आपला प्रश्न मला समजला तो असा. मध्य न्यू जर्सीत १९७४ साली बांधलेले दोन मजली घर आपण घेतले आहे. दोन्ही मजले मिळून २००० चौरस फूट, तीन शयनकक्ष आणि खाली पूर्ण बेसमेंट. गॅसवर चालणारी फर्नेस आणि गॅसचाच जुना वॉटर हीटर बेसमेंटमध्ये आहेत. हिवाळ्याची बिले पाहून आपण खिडक्या बदलायचे मनावर घेतले, विक्रेत्याने चौदा खिडक्यांसाठी १८,००० डॉलरचा अंदाज दिला, आणि मधल्या काळात शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून आपण घराची हवागळती मोजणारी ब्लोअर डोअर चाचणीही करून घेतली. तिच्या अहवालात ‘४००० सीएफएम५०’ एवढा एकच आकडा आहे. हा आकडा वाईट आहे का, खिडक्या बदलल्याने तो उतरेल का, घर फार घट्ट केले तर आत कोंदट होईल का, आणि पुण्यात आईवडिलांच्या फ्लॅटसाठी अशी चाचणी करण्यात अर्थ आहे का, हे आपण विचारले आहे.

मी ईशान्य अमेरिकेत घरांच्या ऊर्जा तपासणीचे काम बरीच वर्षे करत आलो आहे, आणि आपल्यासारखी घरे हेच माझे रोजचे काम आहे. माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी खर्चाच्या क्रमाचा प्रश्न आहे. घरातून हवा किती जाते हे आपल्याला कळले आहे, पण ती कुठून जाते हे कोणी सांगितलेले नाही, आणि ते कळल्याशिवाय १८,००० डॉलर कुठेही घालणे मला घाईचे वाटते. आपले घर मी पाहिलेले नाही, त्यामुळे खाली जे लिहितो त्यातील काही गोष्टी आपल्या घरी लागू पडणार नाहीत. जिथे परिस्थितीनुसार उत्तर बदलते तिथे तसे सांगतो.

आधी आकड्याबद्दल. ब्लोअर डोअर म्हणजे बाहेरच्या एका दारात ताणून बसवलेली चौकट, तिच्यावर नायलॉनचे कापड आणि खाली मोजमाप केलेला मोठा पंखा. हा पंखा घरातील हवा बाहेर फेकतो आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा ५० पास्कलने कमी करून तिथेच धरून ठेवतो. ५० पास्कल म्हणजे पाण्याच्या सुमारे पाच मिलिमीटर उंचीएवढा दाब. ताशी साधारण २० मैलांचा वारा घराच्या सर्व बाजूंवर एकाच वेळी आदळावा, तेवढा हा जोर समजला जातो. कानाला तो जाणवत नाही, मात्र एवढ्या दाबाने घरातील प्रत्येक फटीतून बाहेरची हवा आत येऊ लागते. तेवढा दाब टिकवण्यासाठी पंख्याला दर मिनिटाला जितके घनफूट हवा बाहेर टाकावी लागली तो आपला आकडा, म्हणजे ४०००.

नुसत्या या आकड्यावरून दोन घरांची तुलना होत नाही, कारण मोठ्या घरातून जास्त हवा जाणारच. म्हणून त्याला घराच्या घनफळाने भागून तासाला घरातील सगळी हवा किती वेळा बदलते ते काढतात. आपले दोन मजले आणि बेसमेंट, प्रत्येकी १००० चौरस फूट आणि आठ फूट उंची धरली, तर घनफळ २४,००० घनफूट होते. ४००० ला ६० ने गुणून २४,००० ने भागले की १० येतात. यालाच १० एसीएच५० म्हणतात. चाचणीच्या वेळी बेसमेंटचे दार बंद होते की उघडे, आणि घनफळात बेसमेंट धरले की नाही, हे तपासनीसाला अवश्य विचारा. दार उघडे ठेवून घनफळात बेसमेंट धरले नाही, तर हा आकडा सहज दीडपट होतो, उलट केले तर तो खाली येतो, आणि घर आहे त्यापेक्षा खूप वाईट किंवा खूप चांगले दिसते.

१० हा आकडा त्या काळातील घरासाठी नवलाचा नाही. तुलनेसाठी सांगायचे तर, अमेरिकेतील राज्ये नमुना म्हणून वापरतात त्या ऊर्जा संहितेने २००९ साली नव्या घरांसाठी ७ ची मर्यादा घातली आणि २०१२ पासून आपल्याकडच्या हवामानासाठी ती ३ वर आणली. कॅनडातील आर-२००० या मानकाला १.५ लागतात, आणि जर्मनीत जन्मलेल्या पॅसिव्ह हाउस मानकाला ०.६. आपल्या घराने यांपैकी कोणत्याही आकड्याच्या मागे धावण्याची गरज नाही, कारण ते सगळे नव्याने बांधल्या जाणाऱ्या घरांसाठी आहेत. चालू स्थितीतील राहत्या घरात गळती एकतृतीयांशाने कमी झाली तर मी काम चांगले झाले असे समजतो. त्यापुढची प्रत्येक पायरी महाग होत जाते, कारण मोठी भोके आधी संपतात आणि मग भिंती उघडल्याशिवाय हाती काही लागत नाही.

आता या गळतीची किंमत. ५० पास्कलचा दाब रोज नसतो, म्हणून प्रत्यक्षातील सरासरी गळती काढताना या आकड्याला ढोबळमानाने २० ने भागतात. हा भाजक हवामान, घराची उंची आणि आजूबाजूच्या झाडा-इमारतींचा आडोसा यांप्रमाणे खाली-वर होतो, त्यामुळे त्यावर फार भिस्त ठेवू नये. तरी अंदाजासाठी तो पुरतो. ४००० ला २० ने भागले की मिनिटाला २०० घनफूट येतात. न्यू जर्सीत हिवाळाभराचे उष्णता-अंश-दिवस (थंडी किती आणि किती दिवस टिकली याचे माप) फॅरनहाइटमध्ये सुमारे ५००० धरले, तर एवढी हवा पुन्हा पुन्हा तापवण्यासाठी वर्षाला सुमारे २६० थर्म (गॅसच्या बिलावरील उष्णतेचे एकक) उष्णता लागते. फर्नेस ८० टक्के कार्यक्षम असेल तर त्यासाठी सुमारे ३२५ थर्म गॅस जळतो. त्यातील ३० टक्के वाचवले तर ९५-१०० थर्म वाचतात, आणि दर थर्मला दीड डॉलर धरला तर वर्षाला दीडशे डॉलरच्या आसपास. हा आकडा मी मुद्दाम आधीच मांडतो, कारण ‘बिल निम्मे होईल’ असे सांगणारी माणसे या व्यवसायात आहेत आणि त्यांच्यामुळे पुढे ग्राहकांचा भ्रमनिरास होतो. घर तेलावर किंवा थेट विजेच्या हीटरवर चालत असते तर याच गळतीची किंमत बरीच जास्त झाली असती. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाजही असाच माफक आहे: हवागळती बंद करून ॲटिक (छपराखालची पोकळी), बेसमेंट यांसारख्या जागी इन्सुलेशन (उष्णतारोधक थर) घातल्यास घर तापवण्या-थंड करण्याच्या खर्चात सरासरी १५ टक्के बचत. माझ्या ग्राहकांना बचतीपेक्षा आधी जाणवतो तो दुसराच फरक, म्हणजे वरच्या खोल्या आणि खालच्या खोल्या यांच्या तापमानातील तफावत कमी होणे आणि पायाशी येणारा गार झोत थांबणे.

हवा कुठून जाते हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो. हिवाळ्यात घरातील हवा गरम आणि हलकी असते. ती वर चढते, वरच्या मजल्याच्या छतातील फटींतून ॲटिकमध्ये निसटते, आणि तिची जागा घेण्यासाठी बेसमेंटच्या कडेने गार हवा आत ओढली जाते. बाहेर शून्य अंश सेल्सिअस आणि आत वीस असताना आपल्या घराच्या माथ्यावर आणि तळाशी या कारणाने दोन-तीन पास्कलचा दाब तयार होतो. तो थोडा वाटतो, पण वारा पडला तरी तो पडत नाही; हिवाळाभर रात्रंदिवस चालू असतो. घराच्या मधल्या उंचीवर मात्र हा दाब जवळजवळ शून्य होतो, आणि आपल्या खिडक्यांपैकी बऱ्याचशा नेमक्या त्या पट्ट्यात किंवा त्याच्या आसपास आहेत. म्हणजे एकाच आकाराची फट खिडकीला असली आणि ॲटिकच्या झाकणाला असली, तर झाकणाची फट जास्त नुकसान करते.

ही समज ज्या अभ्यासातून पक्की झाली तो आपल्या घरापासून फार लांब झालेला नाही. १९७० च्या दशकात प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी ईस्ट विंडसरमधल्या ट्विन रिव्हर्स वसाहतीतील घरे वर्षानुवर्षे मोजली. हिशेबाप्रमाणे ॲटिकमधील इन्सुलेशनमुळे जितकी उष्णता वाचायला हवी होती तितकी वाचत नव्हती. गौतम दत्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले तेव्हा लक्षात आले की हवा इन्सुलेशनला वळसा घालून जाते: भिंतींच्या पोकळ्यांतून, चिमणीभोवतीच्या मोकळ्या जागेतून, नळांच्या मार्गांतून. इन्सुलेशन जागच्या जागी होते, त्याची जाडीही बरोबर होती, आणि उष्णता मात्र त्याच्या बाजूने निघून जात होती. स्वीडनमध्ये वापरात आलेले खिडकीत बसवायचे पंख्याचे तंत्रही त्याच सुमारास प्रिन्स्टनमध्ये आले आणि आज आपण ज्याला ब्लोअर डोअर म्हणतो त्याला आकार आला. आपल्या घराचा बांधणीचा काळ आणि पद्धत त्या घरांच्या जवळची आहे, त्यामुळे दोषही त्याच जातीचे निघण्याची शक्यता दाट आहे.

आपल्यासारख्या घरात मी कोणत्या जागा आधी पाहतो? ॲटिकमध्ये जाण्याचे झाकण किंवा घडीचा जिना, कारण त्याला बहुधा रबरी पट्टी नसते आणि वर इन्सुलेशन तर नसतेच. त्यानंतर चिमणी किंवा फर्नेसचा धुराचा पाइप जिथून वर जातो ती उभी पोकळी. ती बेसमेंटपासून ॲटिकपर्यंत सलग उघडी असू शकते. मग सांडपाण्याच्या हवानलिकेभोवतीचे भोक, जे प्लंबरने तीन इंची पाइपसाठी सहा इंची कापलेले असते. स्वयंपाकघरातील वरच्या कपाटांवर आणि न्हाणीघरातील शॉवरवर खाली उतरवलेले जे छत असते, त्याच्या आत वर ड्रायवॉल (जिप्समचे तक्ते) लावायचे अनेकदा राहून गेलेले असते, आणि मग ती पूर्ण पेटी ॲटिकला उघडी असते. छतात बसवलेले जुने गोल दिवे तर प्रत्येकी एक भोकच. आतल्या भिंतींच्या माथ्याच्या लाकडी पट्ट्यांतून विजेच्या तारा जिथे उतरतात तिथली छिद्रे लहान असतात, पण संख्येने खूप. तळाशी पाहायचे तर काँक्रीटच्या भिंतीवर लाकडी सांगाडा जिथे टेकतो ती संपूर्ण कडा, जिला रिम जॉइस्ट म्हणतात, आणि बेसमेंटमधून अंगणात उघडणारे लोखंडी झडपेचे दार.

ॲटिकमध्ये इन्सुलेशन उचलून पाहिले आणि पिवळ्या किंवा गुलाबी काचतंतूंवर काळपट डाग दिसले, तर तिथून वर्षानुवर्षे हवा गाळली गेली आहे असे समजावे. काचतंतू हवेला अडवत नाहीत, ते फक्त तिच्यातील धूळ अडवतात. यामुळेच आधी भोके बुजवायची आणि मग वर नवे इन्सुलेशन घालायचे, हा क्रम मी कधी उलटू देत नाही. वर आर-६० चा (आर हे उष्णता अडवण्याच्या क्षमतेचे माप) जाड थर अंथरून झाल्यावर खालची भोके शोधणे म्हणजे तो सगळा थर पुन्हा उकरणे, आणि त्याचे पैसे कोणी देऊ इच्छित नाही.

म्हणून चाचणी करणाऱ्याने पंखा चालू ठेवून घरभर फिरायला हवे होते, आणि तसे झाले नसेल तर आपल्याला निम्मीच सेवा मिळाली आहे. दुसऱ्यांदा बोलवाल तेव्हा त्याच्याबरोबर स्वतः फिरा. यासाठी महागडे साधन लागत नाही. देवघरातील उदबत्ती उत्तम चालते. पंखा चालू असताना ती विजेच्या सॉकेटजवळ, पायपट्टीजवळ, खिडकीच्या चौकटीजवळ आणि ॲटिकच्या झाकणाजवळ धरली की धूर कुठे आडवा फेकला जातो ते लगेच दिसते. बाहेर आणि आत निदान दहा अंश सेल्सिअसचा फरक असेल तर अवरक्त कॅमेऱ्यात हीच गोष्ट अधिक स्पष्ट दिसते, कारण आत ओढलेली गार हवा भिंतीवर काळ्या पंजासारखे आकार उमटवते. हे चित्र पंखा चालू करण्याआधी एकदा आणि चालू केल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी एकदा घ्यावे. दोन्हींतला फरक म्हणजे गळती, आणि दोन्हींत सारखे दिसते ते इन्सुलेशनची उणीव.

आणखी एक मोजणी मागा, कारण ती पाच मिनिटांची आहे आणि फार थोडे लोक ती करतात. घर ५० पास्कलवर असताना मॅनोमीटरची (दाब मोजणाऱ्या यंत्राची) एक नळी ॲटिकच्या झाकणातून वर घालून घर आणि ॲटिक यांच्यातील दाब पाहावा. छत घट्ट असेल आणि ॲटिक बाहेरच्या हवेला मोकळे असेल तर तिथेही जवळपास ५० दिसतील. २५ दिसले तर छतातील भोकांचे एकूण क्षेत्र ॲटिकच्या वायुवीजनाच्या झरोक्यांएवढेच आहे, म्हणजे स्थिती गंभीर आहे. या एका आकड्यावरून आपल्या ४००० पैकी मोठा वाटा वरून जातो की नाही ते बरेचसे कळते. गरम हवेचे डक्ट ॲटिकमधून जात असतील तर त्यांची स्वतंत्र चाचणी करावी लागते. ते बेसमेंटमध्येच असतील तर ते काम मागे ठेवता येते.

आता खिडक्या. नव्या खिडकीची हवागळती प्रमाणित केलेली असते आणि उद्योगाची नेहमीची मर्यादा ७५ पास्कलला दर चौरस फुटामागे मिनिटाला ०.३ घनफूट ही आहे. पंधरा चौरस फुटांच्या चौदा खिडक्यांचा हिशेब केला तर ५० पास्कलला सगळ्या मिळून पन्नासच्या आसपास घनफूट होतात. आपल्या जुन्या खिडक्या याच्या कित्येक पट गळत असतील, हे मान्य. तरीही त्या सैल, वाकलेल्या किंवा न मिटणाऱ्या नसतील तर ४००० मध्ये त्यांचा वाटा काहीशेच्या पलीकडे जाईल असे मला वाटत नाही, आणि त्यातील बराचसा भाग पट्ट्या बदलून, कुलपे आवळून आणि चौकटीच्या कडेला कॉक (फटी बुजवण्याचा लवचीक मसाला) भरून कमी करता येतो. कित्येकदा हवा खिडकीतून येतच नाही. ती चौकट आणि भिंत यांच्यामधील न भरलेल्या फटीतून येते, आणि विक्रेत्याने ती फट तशीच ठेवून नवी खिडकी बसवली तर गळतीही तशीच राहते. लाकूड कुजले असेल, एकेरी काच असेल आणि आवाजाचाही त्रास असेल तर खिडक्या जरूर बदला. पण ते घराच्या देखभालीचे काम समजून करा. हवागळतीच्या खात्यावर तो खर्च टाकू नका.

प्रत्यक्ष भोके बुजवण्याचे साहित्य साधे आहे. लहान फटींना कॉक, बोटभर रुंद फटींना डब्यातील फोम, मोठ्या उघड्या जागांवर कापून बसवलेली ताठ फोमची पाटी आणि तिच्या कडेने फोम. रिम जॉइस्टला मी हेच करतो. फक्त चिमणी आणि धुराचा पाइप यांच्याजवळ फोम चालत नाही. तिथे पत्रा आणि उष्णता सहन करणारा सीलंट लागतो, आणि ज्वलनशील वस्तू किती अंतरावर असावी याचे नियम पाळावे लागतात. जुन्या गोल दिव्यांवर नुसते इन्सुलेशन टाकणे आगीला निमंत्रण आहे; ते बदलून हवाबंद एलईडी बसवणे स्वस्तही पडते. हाताने काम करण्याची आवड असेल तर रिम जॉइस्ट आणि ॲटिकचे झाकण ही दोन कामे आपण स्वतः सुट्टीच्या दिवशी करू शकता.

ज्या बाबतीत मी तडजोड करत नाही ती सुरक्षिततेची. आपला वॉटर हीटर जुना आहे, म्हणजे बहुधा तो खोलीतील हवा घेऊन जळतो आणि त्याचा धूर स्वतःच्या उष्णतेने चिमणीतून वर जातो. घर घट्ट झाल्यावर न्हाणीघराचे पंखे, स्वयंपाकघराचा हुड आणि कपड्यांचा ड्रायर एकदम चालू असले तर आतला दाब इतका उतरू शकतो की तो धूर वर जाण्याऐवजी बेसमेंटमध्ये उलटा येतो, आणि त्याच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइडही. म्हणून गळती बंद करण्यापूर्वी आणि नंतर, दोन्ही वेळा, सगळे पंखे चालू ठेवून धूर नीट वर ओढला जातो की नाही याची चाचणी झालीच पाहिजे. बीपीआयचे (बिल्डिंग परफॉर्मन्स इन्स्टिट्यूट या संस्थेचे) प्रमाणपत्र असलेले तंत्रज्ञ ती करतात. ती अपयशी ठरली तर उष्णता-पंपावर चालणारा किंवा बाहेरची हवा घेणारा बंदिस्त ज्वलनाचा वॉटर हीटर बसवून मगच पुढे जावे. आपला हीटर तसाही आयुष्याच्या शेवटाकडे असेल तर हा खर्च खिडक्यांच्या आधी येतो. प्रत्येक मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आजच लावा, त्यासाठी कोणत्याही चाचणीची वाट पाहू नका. ब्लोअर डोअर चाचणीच्या वेळी फर्नेस आणि वॉटर हीटर बंद करतात. जाण्यापूर्वी ते पुन्हा सुरू केले आहेत हेही पाहा. शेकोटी असेल तर तिच्यातील राख आदल्या दिवशी काढून ठेवा, नाहीतर ती दिवाणखान्याभर होते.

१९७४ च्या घरात ॲटिकमध्ये करड्या-सोनेरी, चमकदार खड्यांसारखे इन्सुलेशन दिसले तर ते व्हर्मिक्युलाइट असू शकते. माँटानातील लिबी येथील खाणीतून १९९० पर्यंत निघालेल्या या मालात ॲस्बेस्टॉस मिसळलेले आढळते. तसे असेल तर घरात हवा ओढणारी चाचणी करू नये आणि ॲटिकमध्ये कोणी हात घालू नये. आपली चाचणी आधीच झाली आहे म्हणून विचारतो: त्या तंत्रज्ञाने पंखा लावण्यापूर्वी ॲटिक पाहिले होते का?

कोंदटपणाची आपली शंका योग्य आहे, पण तिचे उत्तर फटी तशाच ठेवणे हे नाही. फटींमधून येणारी हवा थंडी आणि वारा कडक असताना गरजेपेक्षा जास्त येते, आणि वसंतात व शरदात, जेव्हा बाहेर-आत फरक नसतो, तेव्हा जवळजवळ येतच नाही. शिवाय ती बेसमेंटच्या कडेने, मातीचा वास आणि ओलावा घेऊन येते. त्यापेक्षा फटी बुजवून ठरावीक हवा ठरावीक जागेतून आणणे बरे. अमेरिकेत यासाठी ॲश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेचे ६२.२ हे मानक वापरतात: चौरस फुटांना ०.०३ ने गुणायचे आणि शयनकक्षांच्या संख्येत एक मिळवून ७.५ ने गुणून त्यात घालायचे. आपल्या घरासाठी ६० अधिक ३० म्हणजे मिनिटाला ९० घनफूट होतात. आपले घर २८०० पर्यंत उतरले तरी त्याची नैसर्गिक गळती सरासरीने याहून जास्तच राहील, त्यामुळे घर ‘गुदमरण्याची’ भीती सध्या नाही. तरी न्हाणीघरात शांत चालणारा पंखा बसवून तो कमी वेगाने सतत चालू ठेवणे हा स्वस्त उपाय आहे. तो पंखा ॲटिकमध्ये न सोडता छताबाहेर किंवा भिंतीबाहेर सोडलेला आहे हे मात्र डोळ्यांनी पाहून घ्या. ॲटिकमधल्या छताच्या फळ्यांवर बुरशी दिसते तेव्हा अनेकदा हेच कारण असते.

आपल्या भारतीय मंडळींच्या घरांत मी आणखी एक गोष्ट हमखास पाहतो. रोज फोडणी होते, पोळ्या-भाकऱ्या भाजल्या जातात, आणि शेगडीवरचा हुड मात्र हवा जाळीतून फिरवून परत स्वयंपाकघरातच सोडणारा असतो. गळक्या घरात हे खपून जाते, घर घट्ट झाल्यावर खपत नाही. बाहेर हवा टाकणारा हुड घ्या आणि तो मागच्या बर्नरच्या वरपर्यंत पसरलेला असू द्या. मिनिटाला ४०० घनफुटांपेक्षा मोठा हुड घेतला तर बदली हवा आत आणण्याची सोय करावी लागते, आणि जुना वॉटर हीटर असताना तर इतका मोठा हुड घेऊच नये. हिवाळ्यातला साधा आर्द्रतामापक टेबलावर ठेवा. थंडीत सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या वर टिकून राहिली आणि काचांवर पाणी साचू लागले तर वायुवीजन वाढवायला हवे.

रेडॉन हा जमिनीतून घरात येणारा किरणोत्सारी वायू न्यू जर्सीत टाळता न येणारा विषय आहे. काम सुरू करण्यापूर्वी बेसमेंटमध्ये रेडॉनची चाचणी करा आणि काम झाल्यावर पुन्हा करा, कारण घराचे दाब बदलले की जमिनीतून येणाऱ्या वायूचे प्रमाणही बदलते, कधी कमी होते तर कधी वाढते. लिटरला ४ पिकोक्युरी किंवा त्याहून अधिक आले तर तो वायू पाइप व पंख्याने जमिनीखालून बाहेर काढण्याची व्यवस्था करावी, असे पर्यावरण संरक्षण संस्था सांगते.

आतापर्यंतचे एकत्र केले तर आपल्यासाठी क्रम असा निघतो: रेडॉन आणि धुराच्या ओढीची तपासणी, मग पंखा चालू ठेवून गळतीच्या जागांचा शोध, मग ॲटिकची भोके आणि रिम जॉइस्ट, मग ॲटिकचे इन्सुलेशन, पंखे आणि हुड, आणि खिडक्या सगळ्यांत शेवटी. यातील पहिली चार-पाच कामे मिळूनही बहुधा खिडक्यांच्या अंदाजापेक्षा बरीच कमी किमतीत होतील, मात्र वॉटर हीटर बदलावा लागला तर हे गणित बदलेल.

काम कोणाला द्यावे याविषयी दोन शब्द. तपासणी करणारा आणि दुरुस्ती करणारा एकच असणे हा गुन्हा नाही. मीही दोन्ही करतो. पण करारात कामानंतरची चाचणी आणि तिचा आकडा लिहून घ्या, म्हणजे ‘४००० वरून ३००० च्या खाली’ असे स्पष्ट उद्दिष्ट असले की सगळ्यांचे लक्ष कामावर राहते. पंखा चालू ठेवून भोके बुजवणारा गट मिळाला तर त्याला प्राधान्य द्या, कारण त्याला प्रत्येक भोकानंतर आकडा उतरताना दिसतो आणि कुठे थांबायचे ते कळते. दोन चाचण्यांच्या आकड्यांत काही टक्क्यांचा फरक वाऱ्यामुळे आणि उपकरणामुळेही पडतो, म्हणून शे-दीडशेच्या फरकावर कोणाशी वाद घालू नये. दोन्ही चाचण्यांच्या वेळी बेसमेंटचे दार मात्र सारख्याच स्थितीत हवे. अशा कामांवर मिळणारी केंद्रीय प्राप्तिकर सवलत ३१ डिसेंबर २०२५ नंतर झालेल्या कामांसाठी संपली आहे, पण न्यू जर्सीतील वीज आणि गॅस कंपन्यांमार्फत अनुदानाच्या योजना असतात; काम ठरवण्यापूर्वी त्यांच्या अटी पाहा, कारण काही योजना त्यांच्या यादीतील कंत्राटदारच मान्य करतात.

राहिला पुण्याचा प्रश्न. तिथे घर तापवायचे नसते आणि वर्षातील बहुतेक दिवस खिडक्या उघड्याच असतात, त्यामुळे ही चाचणी आपल्या आईवडिलांच्या फ्लॅटला फारशी उपयोगी नाही. भारतातील निवासी इमारतींची ऊर्जा संहिता, म्हणजे २०१८ साली प्रथम आलेली इको निवास संहिता, उलट उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र चटईक्षेत्राच्या मानाने किमान किती असावे हे ठरवून देते आणि भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेवर मर्यादा घालते. ज्या एका खोलीत ते रात्री एसी लावतात तिच्या दाराखालची फट आणि सरकत्या खिडकीच्या पट्ट्या तेवढ्या नीट करून द्या, पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून सावली करा, आणि सकाळ-संध्याकाळ खिडक्या उघडण्याची त्यांची सवय आहे तशीच राहू द्या.